अँप महाग, म्हणून बेस भारी? डिकीतल्या सबवूफरचं गणित

माझा मावसभाऊ खानापूरचा. स्वतःच्या गाडीनं चोर्ला घाटातून गोव्याची भाडी करतो. दिवसाचे आठ-दहा तास स्टिअरिंगमागं जातात, त्यामुळं गाडीतली गाणी त्याला सोबतीसारखी लागतात. गेल्या वर्षी गणपती तोंडावर आले तेव्हा तो बेळगावात सबवूफर, म्हणजे नुसता बेस वाजवणारा मोठा स्पीकर, बसवायला आला. दुकानात त्याला सबवूफर चालवणारे दोन अँप, म्हणजे अँप्लिफायर, ऐकवले. एक साडेसहा हजारांचा, दुसरा एकोणीस हजारांचा. दोन्हींवर ५०० वॉट लिहिलेलं. दुकानातले अण्णा म्हणाले, "बघा की, ह्याचा बेस कसा गोल येतोय, त्याचा नुसता घुमतोय." मावसभावालाही तसंच ऐकू आलं. तरी पैसे काढायच्या आधी त्यानं मला फोन केला. "दादा, मला फरक कळला. पण तो साडेबारा हजारांचा आहे काय?"

मी बेळगावच्या उद्यमबागेत इलेक्ट्रॉनिक्सचं काम करतो आणि आवाज हा माझा जुना नाद आहे. हा प्रश्न मला वर्षाला दहा जण तरी विचारतात. फोनवर अर्धवट उत्तर देण्यापेक्षा एकदा नीट लिहावं म्हणून हा लेख.

माझं उत्तर आधीच सांगतो. दोन्ही अँप लिहिल्याइतकी ताकद खरोखर देत असतील, दोन्हींची बटणं सारखी लावली असतील आणि दोघांनाही ताकदीच्या आत वाजवलं, तर सबवूफरच्या आवाजात माणसाच्या कानाला फरक कळत नाही. आणि मावसभावाला दुकानात जो फरक ऐकू आला, तोही खोटा नव्हता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा खऱ्या, ते पुढं येईल.

सबवूफरच्या वाट्याला येतं तरी काय

ढोल डोळ्यांसमोर आणा. एका तोंडावर हाताची थाप पडते, दुसऱ्यावर टिपरू. थापेचा 'धूम' छातीत बसतो, टिपराचा 'टण्ण' कानात. गाडीत हा टण्ण पुढचे स्पीकर वाजवतात आणि धूम सबवूफर.

आवाज म्हणजे हवेची थरथर. सेकंदाला किती वेळा थरथर होते ते हर्ट्झमध्ये मोजतात. माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झ ऐकू येतं. सबवूफरकडं त्यातले २० ते ८० हर्ट्झच जातात, फार तर १००-१२० पर्यंत. म्हणजे अख्ख्या गाण्यातला तळाचा एक छोटा पट्टा.

एकदा हे करून बघा. पुढचे सगळे स्पीकर बंद करा आणि नुसता सबवूफर चालू ठेवा. गाणारीचा आवाज गेला, टाळ गेला, हार्मोनियम गेली. शेजारच्या घरात कुणीतरी उखळात कांडतंय, एवढंच ऐकू येतं. ज्याला आपण 'घट्ट बेस', 'ठोका' म्हणतो, त्यातला ठोका या कांडण्यात नसतोच. तो टिपराच्या बाजूचा, म्हणजे पुढच्या स्पीकरचा. पुढचे स्पीकर आणि सबवूफर एकमेकांशी जुळून वाजले की बेस घट्ट वाटतो, नाही जुळले की घुमतो. म्हणून 'माझ्या अँपचा ठोका कडक आहे' असं कुणी सांगितलं की मी आधी त्याच्या दारातल्या स्पीकरची चौकशी करतो.

अँप काय करतो

हिडकलच्या धरणाचं पाणी कालव्यानं शेतात येतं. दारावरचा माणूस चाक फिरवतो, पाणी कमी-जास्त होतं. ताकद पाण्याची, माणसानं फक्त इशारा दिला. अँप्लिफायर, म्हणजे आपला अँप, तेच करतो. टेपकडून गाण्याचा बारीक इशारा येतो आणि त्याबरहुकूम बॅटरीतली ताकद स्पीकरकडं सोडली जाते.

अडचण अशी की गाडीचं धरण उथळ आहे. इंजिन चालू असताना १४ व्होल्टच्या आसपास मिळतात. एवढ्यावर साध्या ४ ओहमच्या स्पीकरला (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) जेमतेम २० वॉट देता येतात. टेपवर '५० वॉट गुणिले ४' असं कितीही मोठं छापलेलं असो, सलग मिळतात ते असे विसेक वॉटच. त्याच ४ ओहमच्या सबवूफरला ५०० वॉट द्यायचे तर ४५ व्होल्ट लागतात. म्हणून अँपच्या आत आधी एक भाग असतो, जो १४ व्होल्ट चढवून वर नेतो, जसा पंप पाणी टाकीत चढवतो. अँपच्या किमतीतला मोठा वाटा या पंपात आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाड अॅल्युमिनियमच्या अंगात जातो.

पुढं टाकीतलं पाणी सोडायच्या दोन पद्धती. एकीत दार सतत थोडं उघडं, थोडं बंद धरून प्रवाह सांभाळतात. तिला क्लास एबी म्हणतात. अर्धवट दार धरून ठेवण्यात बरीच ताकद तापण्यात जाते. दुसरीत दार एकतर सताड उघडं नाहीतर पूर्ण बंद, आणि ही उघडझाप सेकंदाला हजारो वेळा, बऱ्याच अँपमध्ये लाखाच्या घरात. शेवटी एक गाळणी ती उघडझाप गुळगुळीत करते. हा क्लास डी. यातल्या 'डी'चा डिजिटलशी संबंध नाही. ए, बी आणि सी ही अक्षरं आधीच वापरलेली होती, म्हणून पुढचं घेतलं.

जुनी मंडळी अजून सांगतात की क्लास डीचा आवाज कोरडा असतो. सुरुवातीच्या काळात, अख्खं गाणं वाजवताना, त्यात तथ्य होतं. १०-१५ हजार हर्ट्झचा झांजेचा आवाज नीट उभा करायचा तर दाराची उघडझाप त्याच्या कितीतरी पट वेगानं व्हावी लागते, आणि तेव्हाचे सुटे भाग त्यात कमी पडत. पण सबवूफरला सेकंदाला जास्तीत जास्त शंभर थरथरी हव्यात. हजारो उघडझापीत शंभर थरथरी रेखाटणं म्हणजे रुंद पाटीवर बोटानं रेघ ओढण्याइतकं सोपं काम. आज सबवूफरसाठी मिळणारे बहुतेक अँप क्लास डीचेच आहेत, आणि त्यात काही चुकीचं नाही.

मग फरक यायला वाट कुठून

अँप आवाज बिघडवू शकतो तो तीन वाटांनी. काही हर्ट्झ जास्त, काही कमी मोठे करून. स्वतःचा खरखराट मिसळून. किंवा आवाजाचा आकारच वाकडा करून.

पहिलं, २० ते १०० हर्ट्झ एवढ्या चिंचोळ्या पट्ट्यात एकसारखं मोठं करणं आजच्या साध्या अँपलाही जमतं. दुसरं, खरखर असते वरच्या पट्ट्यात, आणि सबवूफरचा जड कागद, म्हणजे पुढंमागं हलून आवाज करणारा पडदा, ती वाजवतच नाही. राहिला वाकडेपणा. बरा अँप मर्यादेत असताना एक टक्क्याच्या कितीतरी आत वाकडेपणा घालतो. सबवूफर स्वतः मात्र जोरात दामटला की काही टक्के घालतो, बारक्या बॉक्समध्ये दहाच्या घरातही जातो. कारण तिथं कागद, रबर आणि तारेचं वेटोळं खरोखर पुढंमागं धावत असतं. भरीला खोल बेसमधला थोडा वाकडेपणा आपल्या कानाला टोचत नाही. खडबडीत रस्त्यावरून बैलगाडी चालली असताना चाकावरच्या धुळीच्या कणानं किती धक्का बसतो, हे विचारण्यासारखं आहे ते.

तर मग दुकानात फरक कसा कळला?

मावसभावानं स्वस्तातला अँप घेतला. माझ्या एका मित्राकडं महागडा, त्या एकोणीस हजारांच्या जातीचा, नुसता पडून होता. तो मागून आणला. एका रविवारी टिळकवाडीत माझ्या दारात गाडी लावली, दोन्ही अँप डिकीत शेजारी शेजारी ठेवले आणि मध्ये चेंजओव्हर स्विच टाकला, इन्व्हर्टरला असतो तसला, दोन्ही वायरी एकदम पलटणारा. मावसभाऊ पुढच्या सीटवर, पाठ डिकीकडं. मी मागं उभा राहून नाणं उडवायचो. छापा आला तर एक अँप, काटा आला तर दुसरा. प्रत्येक वेळी आवाज शून्यावर आणायचा, स्विच टाकायचा, आवाज पुन्हा तिथंच न्यायचा.

पहिल्या फेरीत दोन्हींची बटणं होती तशीच ठेवली. त्यानं दहापैकी दहा वेळा महागडा ओळखला. खुशीत म्हणाला, "दादा, सांगतोय न्हवं मी!"

मग मल्टिमीटर काढला. ५० हर्ट्झचा सलग सूर लावला. घरातली वीजही ५० हर्ट्झचीच, त्यामुळं साधा मल्टिमीटरसुद्धा या सुरावर भरवशाचा आकडा दाखवतो. सबवूफरच्या टोकांवर स्वस्त अँपचे ११.२ व्होल्ट आले, महागड्याचे १४.१. टेप त्याच आकड्यावर, गाणं तेच, पण महागड्या अँपकडून सबवूफरला दीडपटीहून जास्त वॉट जात होते. आवाजाच्या मापात हा फरक २ डेसिबल. (डेसिबल म्हणजे आवाजाची पायरी. वॉट दुप्पट केले की ३ डेसिबल चढतात.) शिवाय महागड्यावरचं बेस बूस्टचं, म्हणजे खालचे सूर आणखी फुगवणारं बटण थोडं फिरवलेलं होतं.

बूस्ट शून्यावर आणला. स्वस्त अँपचं गेन (टेपचा इशारा किती मोठा करायचा ते ठरवणारं बटण) वाढवत दोन्हींचे आकडे १४.१ वर जुळवले. दुसऱ्या फेरीत सोळा वेळा स्विच टाकला आणि मावसभावानं नऊ वेळा बरोबर सांगितलं. डोळे मिटून नुसतं नाणं उडवलं असतं तर सरासरी आठ आले असते. पाचव्या-सहाव्या वेळेलाच तो गप्प झाला होता. मान तिरकी करून ऐकायचा, "हा... नाही, थांब" म्हणायचा. नंतर मला बसवून त्यानं स्विच टाकला. माझे सोळापैकी सात बरोबर आले. पंचवीस वर्षं या कामात घालवलेल्या माझ्या कानालाही ते दोन डबे वेगळे करता आले नाहीत.

दोन डेसिबलनं एवढं फसायला होतं, त्यामागं कानाची रचना आहे. फ्लेचर आणि मन्सन या दोन संशोधकांनी १९३३ साली मोजून दाखवलं की खालचे सूर आपल्याला मुळात कमी ऐकू येतात, आणि एकदा ऐकू यायला लागले की थोड्या वाढीनंही ते झपाट्यानं मोठे वाटतात. मधल्या सुरात २ डेसिबल वाढले तर 'जरा मोठं झालं' वाटतं. बेसमध्ये तेवढेच वाढले तर आवाजाला अंग आल्यासारखं वाटतं, गोल वाटतो, भरीव वाटतो. 'मोठा' असं आपल्या तोंडून येत नाही, 'चांगला' असं येतं. दुकानातल्या अण्णांनी मुद्दाम काही केलं असेल असं मी म्हणणार नाही. दोन अँप जोडले आणि मोजून जुळवले नाहीत, की एक मोठा वाजणारच, आणि जो मोठा वाजेल तो जिंकणारच.

"सोळा वेळा ऐकून काय सिद्ध होतं?"

एका गाडीतलं काहीच होत नाही, हे खरं. पण हीच परीक्षा फार मोठ्या प्रमाणावर झालेली आहे. अमेरिकेत गाडीच्या ऑडिओतले जाणकार रिचर्ड क्लार्क यांनी कित्येक वर्षं १०,००० डॉलरचं उघड आव्हान ठेवलं होतं. दोन अँप घ्या. आवाजाची पातळी काटेकोर जुळवा, कुठलाही सूर जास्त-कमी होणार नाही असं बघा, दोघांनाही मर्यादेबाहेर नेऊ नका. मग न बघता बारापैकी बारा वेळा ओळखा, आणि हे लागोपाठ दोनदा करून दाखवा. निव्वळ नशिबानं हे १ कोटी ६७ लाखांत एकदा जमेल. खूप जणांनी प्रयत्न केले, त्यात याच धंद्यातलेही होते. बक्षीस कुणालाच नेता आलं नाही. आणि तिथं प्रश्न नुसत्या बेसचा नव्हता, पूर्ण गाण्याचा होता. बेसच्या चिंचोळ्या पट्ट्यात ओळखणं त्याहून अवघड.

काही जण म्हणतात, अशा परीक्षेत माणूस दडपणाखाली येतो, खरा फरक महिनाभर ऐकल्यावर कळतो. ही शंका मी टाकून देत नाही. पण पहिल्या फेरीत तोच माणूस, त्याच सीटवर, त्याच दडपणाखाली दहापैकी दहा बरोबर आला होता. दडपणानं कान बंद होत असते तर २ डेसिबलसुद्धा कळले नसते.

"डॅम्पिंग फॅक्टर ५००चा आहे, त्याचं काय?"

खोक्यावर हा आकडा मोठ्या अक्षरात असतो, म्हणून त्याचा सोक्षमोक्ष लावू. झोपाळा ढकलला की हात काढल्यावरही हलत राहतो. सबवूफरचा कागदही तसाच, ठोका संपला तरी हलत राहू बघतो. अँप त्याला धरून थांबवतो, आणि धरायची ताकद सांगणारा आकडा म्हणजे डॅम्पिंग फॅक्टर. ५० पेक्षा २०० मोठा, म्हणून २००चा बेस घट्ट, असं समजलं जातं.

आता हिशेब बघा. ४ ओहमच्या सबवूफरसाठी २०० चा फॅक्टर म्हणजे अँपचा स्वतःचा अडथळा ०.०२ ओहम, ५० चा म्हणजे ०.०८. पण थांबवणारी वीज सबवूफरच्या वेटोळ्यातून जाते, आणि त्या तारेचा अडथळा सव्वातीन ओहमच्या जवळपास असतो. तो कुठलाही अँप काढून घेऊ शकत नाही. एकूण बेरीज एकाकडं ३.२७, दुसऱ्याकडं ३.३३. फरक दोन टक्क्यांच्याही आत. जाड लोखंडी साखळीचा झोपाळा एका माणसानं धरला काय आणि त्याच माणसानं अंगठी घालून धरला काय, तेवढाच. वीस-पंचवीसच्या वर गेलेला डॅम्पिंग फॅक्टर फक्त खोक्यावर वाचायचा.

खरा फरक: लिहिलेले वॉट आणि मिळणारे वॉट

इथं मात्र अँपा-अँपात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि लोकांचे पैसे बुडतात ते इथंच. मागं एकानं माझ्याकडं एक अँप दुरुस्तीला आणला. दर्शनी बाजूला सोनेरी अक्षरात ४००० वॉट. मागं फ्यूज एकच, ३० अँपिअरचा. १४ व्होल्ट गुणिले ३० अँपिअर म्हणजे ४२० वॉट, एवढंच आत जाऊ शकतं. त्यातले तापण्यात जाऊन उरणार साडेतीनशेच्या आसपास. जेवढं आत गेलं त्यापेक्षा जास्त बाहेर काढणारं यंत्र जगात नाही. ज्या माणसानं तो घेतला होता, त्यानं बिचाऱ्यानं चार हजार वॉट समजून तसला दणकट सबवूफर लावला होता, आणि आवाज का येत नाही म्हणून गेन पूर्ण फिरवून ठेवलं होतं. मला त्याचा राग नाही आला, छापणाऱ्याचा आला.

म्हणून दुकानात समोरचा मोठा आकडा वाचूच नका. अँप उलटा करून फ्यूज बघा, त्यांची बेरीज करा, १४ नं गुणा आणि क्लास डी असेल तर त्यातले आठ आणे-बारा आणे नाही, चांगले तेरा आणे धरा. हिशेब झाला. कागदपत्रात 'आरएमएस' लिहिलेले वॉट म्हणजे सलग मिळणारे. 'मॅक्स' किंवा 'पीक' लिहिलेले म्हणजे डोळे मिचकावण्याएवढ्या वेळेचे, आणि कधी कधी तेवढ्याही वेळेचे नाहीत. अमेरिकेत २००३ साली सीईए-२००६ नावाचं मानक आलं. १४.४ व्होल्टवर, ४ ओहमला, एक टक्क्याच्या आत वाकडेपणा ठेवून किती वॉट निघतात ते मोजायचं. त्याचा उल्लेख असलेला आकडा भरवशाचा समजायला हरकत नाही.

ताकद कमी पडली की काय होतं? शिवजयंतीच्या मिरवणुकीत उंच चित्ररथ गल्लीतल्या तारांखाली येतो तेव्हा पोरं बांबूनं तारा वर उचलतात आणि रथ सुखरूप जातो. अँपमधल्या व्होल्टचं छत मात्र उचलता येत नाही. गाण्याची लाट छताहून उंच आली की तिचा माथा सपाट छाटला जातो. याला क्लिपिंग म्हणतात. छाटलेल्या लाटेतून मूळ गाण्यात नसलेले कर्कश सूर तयार होतात, आणि सबवूफरच्या वेटोळ्यात नुसती उष्णता जाते. ऊसाच्या हंगामात संकेश्वर-निपाणी रस्त्यावर ट्रॅक्टरवरून जो फाटका आवाज येतो, तो बहुतेक हाच. जोरात क्लिप होणारा अँप आणि न होणारा अँप यांतला फरक कुणालाही, कुठल्याही गाडीत, डोळे मिटून कळतो. अँपच्या आवाजाबद्दलच्या निम्म्या वादांचं मूळ इथं आहे. एकजण मर्यादेत ऐकून बोलतो, दुसरा मर्यादेबाहेर.

पण ५०० ऐवजी ६०० वॉटचा घ्यावा काय, असं विचाराल तर नाही. तो फरक ०.८ डेसिबलचा, कळला तर जेमतेम कळेल. ताकद दुप्पट होत असेल तरच जास्त पैसे मोजा.

"मग महाग अँप घेणारे सगळे फसले काय?"

अजिबात नाही. महागड्या अँपमध्ये पैसे कुठं गेलेत ते बघायला हवं. एप्रिलमध्ये अथणी-चिकोडीकडं दुपारी डिकी भट्टीसारखी तापते. क्लास एबीचा अँप ५०० वॉट देताना सव्वातीनशे वॉट उष्णता बाहेर टाकतो, क्लास डीचा जेमतेम नव्वद. बॅटरीवरचा भारही त्यामुळं कमी, ६० अँपिअरच्या जागी ४२. चांगल्या बनावटीचा अँप तापला, वायर शॉर्ट झाली, ओहम कमी पडले तर स्वतःला बंद करून वाचवतो. हलक्या बनावटीचा स्वतः जळतो, सोबत सबवूफर नेतो. २ किंवा १ ओहमवर वाजवायचं असेल तर तो भार पेलणारा अँपच हवा. शिवाय सबवूफरकडं कुठले सूर सोडायचे ते ठरवणारा फिल्टर बारीक लावता येतो, ऐकू न येणारे अगदी खालचे सूर अडवणारा सबसोनिक फिल्टर असतो, दुरुस्तीला भाग मिळतात. हे सगळं पैसे देण्यासारखं आहे. माझा आक्षेप एवढाच आहे की हे 'गोल आवाज' म्हणून विकलं जातं. टिकाऊपणाचे पैसे टिकाऊपणा म्हणून मागावेत.

बेस खरा कुठं बदलतो

४० हर्ट्झची एक लाट साडेआठ मीटर लांब असते, म्हणजे दोन गाड्या पुढंमागं लावल्या तेवढी. ती गाडीच्या आत मावतच नाही, काचा आणि पत्रा तिला दाबून धरतात, आणि त्या दाबानं काही सूर दहा-दहा डेसिबलनं चढतात. म्हणजे तुमची गाडी स्वतःच एक मोठा इक्वलायझर आहे. तोच सबवूफर, तोच अँप हॅचबॅकमध्ये एक वाजतो, सेडानच्या बंद डिकीत दुसराच. बॉक्सचं तोंड मागं फिरवून बघा, बॉक्स चार बोटं सरकवून बघा, फेजचं बटण (कागद आधी पुढं जावा की मागं, ते पलटणारं) उलटं करून बघा. फुकटात जेवढा बदल ऐकाल तेवढा एकोणीस हजारांत मिळणार नाही.

बॉक्स सबवूफरच्या मापाचा हवा. कंपनीच्या कागदावर किती लिटर हवेत ते असतं, आणि आपले सुतार १८ मिलीमीटरच्या एमडीएफमध्ये उत्तम बांधून देतात, फक्त सांधे सिलिकॉननं घट्ट बंद करून घ्या. तोंड असलेला, म्हणजे पोर्टचा बॉक्स असेल तर सबसोनिक फिल्टर लावाच. पोर्टच्या सुराखाली कागदाला धरणारी हवा उरत नाही, तो मोकाट धावतो आणि फाटतो.

गेन हे आवाज वाढवायचं बटण नाही, टेपशी जुळवायचं आहे. ५०० खऱ्या वॉटला ४ ओहमनं गुणलं की २०००, त्याचं वर्गमूळ ४४.७. सबवूफरची वायर काढून, बूस्ट शून्यावर ठेवून, टेप पाऊण आवाजावर लावून ५० हर्ट्झचा सूर वाजवा आणि मल्टिमीटर ४४.७ दाखवेपर्यंतच गेन न्या. बूस्टला हात लावायचाच असेल तर एवढं लक्षात ठेवा: ६ डेसिबल बूस्ट म्हणजे तिथं चौपट वॉट, १२ म्हणजे सोळापट. ५०० वॉटच्या अँपकडं ते येणार कुठून?

आणि वायर. बाजारात तांब्याच्या नावाखाली अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर सर्रास मिळते. ब्लेडनं एक धागा खरवडा, आत पांढरं दिसलं की समजा. बॅटरीपासून डिकीपर्यंत ५ मीटर धरा. ५० अँपिअर जात असताना तांब्याच्या ४ गेज वायरीत (गेजचा आकडा जितका लहान तितकी वायर जाड) ०.२ व्होल्ट पडतात, मुलाम्याच्या ८ गेजमध्ये ०.८. त्यात अर्थिंगचा बोल्ट रंगावरच आवळलेला असेल तर आणखी. प्रत्येक ठोक्याला हेडलाइट मंद होत असतील तर पहिली झडती इथं घ्या. रंग चमकता पत्रा दिसेपर्यंत खरवडून अर्थ जोडा, सीटबेल्टच्या बोल्टला नको. बॅटरीजवळ, दीड फुटाच्या आत, फ्यूज हवाच. आवाजाशी त्याचा संबंध नाही, पण ती वायर कुठं पत्र्याला घासली तर गाडीला आग लागण्यापासून तोच वाचवतो.

मावसभावानं स्वस्त अँपच ठेवला. घ्यायच्या आधी फ्यूज बघितले होते, ४० अँपिअर, म्हणजे साडेचारशे वॉट खरे. वाचलेल्या साडेबारा हजारांतून तांब्याची ४ गेज वायर, नवा बॉक्स आणि पुढच्या दारांसाठी बरे स्पीकर घेतले, तरी पैसे उरले. नंबरप्लेटमागं रबरी वायसर लावले, कारण 'फाटका बेस' म्हणून तो ज्याला नावं ठेवत होता त्यातली अर्धी फडफड त्या पत्र्याची होती. परवा चोर्ल्याच्या वळणावरून त्याचा फोन आला. भाडं गोव्यात सोडून एकटाच परतत होता. काही बोलला नाही, फोन डॅशबोर्डवर ठेवून एक अख्खा अभंग ऐकवला. फोनवरून बेस ऐकू येत नाही, पण मृदंगाची प्रत्येक थाप सुटी सुटी कळत होती.